नवं रांधताना : सीमाभागातल्या स्वयंपाकघराचे दहा धडे

माझं माहेर उदगीरचं, सासर भालकीचं आणि सासूबाई आळंद तालुक्यातल्या. तिन्ही घरांत रात्रीचं जेवण जवळपास सारखंच: ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, एखादं कोरड्यास, शेंगादाण्याची चटणी, कधी ताक. या जेवणाला नाव ठेवायला जागा नाही. तरी मुलं मोठी होऊ लागली की काहीतरी वेगळं मागतात, हैदराबाद-पुण्याला नोकरीला गेलेली माणसं सुटीला येतात आणि तिथल्या चवी सांगतात. रांधणारीलाही रोज त्याच फोडणीपुढे उभं राहायचा कंटाळा येतो. म्हणून बरीच वर्षं मी रात्रीच्या जेवणात नवे पदार्थ आणि सुटीत घरची बिस्किटं, कुकीज करत आले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. नवा पदार्थ आपल्या धान्यावर आणि आपल्या तिखटमिठावर उभा केला, तर तो घरात मुरतो. परक्या सामानाची यादी आणून जसाच्या तसा केला, तर एकदा कौतुक होतं आणि पुढे कुणी त्याचं नावही काढत नाही.

नवं करून बघायची हौस या मातीला जुनी आहे. आमच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभार, हत्ती-घोडे, संगीत, नृत्य यांच्याबरोबर त्यात ‘अन्नभोग’ असा स्वतंत्र भाग आहे. मांडे, पोळ्या, घारगे, वडे यांचे पूर्वज त्यात भेटतात, आणि उडदाच्या पिठाची ‘इड्डरिका’ही भेटते. ज्या गावात राजाने पाककृती लिहून ठेवाव्यात असं मानलं, त्या गावाच्या आसपास राहणाऱ्या आपण आपले अनुभव लिहायला संकोचू नये, म्हणून हे दहा धडे.

१. सुरुवात घरातल्या डब्यांपासून करा

नवा पदार्थ वाचला की पहिला प्रश्न असावा, यातलं आपल्या घरात काय आहे? आमच्या भागात ज्वारी, तूर, हरभरा, जवस, कारळ, तीळ, शेंगादाणे आणि गूळ बहुतेक घरांत असतो. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रब्बीची मालदांडी ज्वारी तर भाकरीसाठी महाराष्ट्रातही नावाजलेली. एवढं चांगलं सामान हाताशी असताना ओट्स, बदामाचं पीठ आणि परदेशी बियांच्या पाकिटांमागे धावायची गरज नसते.

कुकीच्या कृतीत ओट्स असतील तर तिथे ज्वारीचे पोहे किंवा जाडसर भाजलेलं ज्वारीचं पीठ घालून बघावं. बदामाऐवजी भाजलेल्या शेंगादाण्याचा कूट चालतो, फक्त तो फार बारीक करू नये, नाहीतर तेल सुटतं. सूर्यफुलाच्या बियांच्या जागी तीळ किंवा कारळ. बदल एका वेळी एकच करावा, म्हणजे चव कशामुळे बदलली ते कळतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या निमित्ताने शहरात ज्वारीच्या बिस्किटांचे पुडे दिसू लागले. हैदराबादच्या भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेने ज्वारीचा रवा, पोहे, बिस्किटं असे पदार्थ विकसित केले आहेत. आपल्याकडे ज्वारी शेतातून थेट घरात येते. मग तिचं बिस्किटही घरात व्हायला हवं.

२. पिठाची विरी ओळखा

ज्वारीचं पीठ गव्हासारखं वागत नाही. गव्हात ग्लुटेन असतं, त्यामुळे कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नाही. भाकरी थापताना पिठाला जो चिकटपणा लागतो, त्याला आपण विरी म्हणतो. ताज्या दळणाला विरी असते, पीठ जुनं झालं की ती जाते आणि काठवटीतच भाकरीच्या कडा चिरतात. मग आपण उकळत्या पाण्याने पीठ मळतो. गरम पाण्याने पिठातलं स्टार्च फुगतं आणि चिकटपणा परत येतो.

हेच ज्ञान नव्या पदार्थात कामाला येतं. ज्वारीचे नूडल्स, मोमोचं आवरण, पिझ्झ्याचा तळ, काहीही करायचं तर आधी उकड काढावी. एक वाटी पाण्याला उकळी आणून, मीठ आणि चमचाभर तेल टाकून, एक वाटी पीठ घालावं, ढवळून झाकावं आणि कोमट असताना चांगलं मळावं. मळताना हाताला पीठ मऊ आणि एकसंध लागलं पाहिजे. बोटाने दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हबका मारून पुन्हा मळावं.

बिस्किटाचं गणित मात्र उलट आहे. बिस्किट ताणलं जायला नको असतं, ते तोंडात विरघळायला हवं. म्हणून भाकरीला न चालणारं, दळून थोडे दिवस झालेलं पीठ बिस्किटाला छान चालतं. आधी वास घ्यावा. खवट आलं असेल तर ते कशालाच वापरू नये. वास चांगला असेल तर मंद आचेवर कोरडंच भाजून घ्यावं. खमंग वास सुटला आणि रंग जरासा बदलला की पीठ तयार. न भाजलेल्या ज्वारीच्या बिस्किटाला कच्ची चव येते, आणि ज्वारीची बिस्किटं आवडत नाहीत असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी हीच कच्ची चव चाखलेली असते.

एक गोष्ट गिरणीबद्दल. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू चक्कीत थोडा राहतो. ज्यांना डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केला आहे, त्यांच्यासाठी ज्वारी घरच्या छोट्या चक्कीवर किंवा मिक्सरमध्ये दळावी.

३. सगळ्याला एकच वाटी

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलं. सीमाभागातही लग्नात मुलीला ते देणारी घरं होती. वाटी-चमच्याचं माप हे त्या पुस्तकाचं मोठं बळ. तराजू नसलेल्या बाईलाही त्या मापाने नेमकेपणा दिला. वाटी लहान असो की मोठी, पीठ, तूप, साखर एकाच वाटीने मोजलं की प्रमाण बिघडत नाही.

भाजी-आमटीत अंदाजाने चालतं, कारण चाखून सुधारता येतं. बिस्किट भट्टीत गेलं की सुधारायला वाव राहत नाही. म्हणून तिथे माप पाळावं. वाटीत पीठ दाबून भरू नये. चाळून, चमच्याने सोडून, वर सुरीने सपाट करावं. दाबून भरलेल्या वाटीत पीठ बरंच जास्त बसतं, आणि मग बिस्किटं कोरडी, टणक होतात. खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर यांची अदलाबदल करू नये. सोड्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं: दही, ताक, गूळ. बेकिंग पावडरमध्ये आंबट घटक आधीच असतो. सोडा जास्त झाला की बिस्किटाला साबणासारखी चव येते.

पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी नानकटाईचं सोपं माप असं: एक वाटी पीठ, अर्धी वाटी घट्ट तूप, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ, वेलची आणि पाव चमच्याहून कमी बेकिंग पावडर. पिठात निम्मी ज्वारी, निम्मा गहू घेतला तर बिस्किट खुसखुशीत होतं आणि हातात तुटत नाही.

४. तूप आणि गूळ ऋतूप्रमाणे वागतात

पुस्तकातली कृती कुठल्या हवेत लिहिली आहे ते आपल्याला माहीत नसतं. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो. त्या दिवसांत तूप डब्यात पातळच असतं. अशा तुपात मळलेल्या पिठाचे गोळे ताटलीत ठेवले की बघता बघता पसरू लागतात आणि भाजल्यावर एकमेकांना चिकटतात. उन्हाळ्यात तूप आधी फ्रिजमध्ये गोठवून घ्यावं, साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसावं आणि मळलेलं पीठ अर्धा तास पुन्हा गारव्यात ठेवावं. या अर्ध्या तासात ज्वारीचं जाडसर पीठही ओलावा शोषतं आणि बिस्किट दाताखाली रवाळ लागत नाही. फ्रिज नसेल तर पहाटे करावं. पहाटेचा गारवा पुरतो.

थंडीत याच्या उलट. तूप दाणेदार आणि घट्ट असतं, फेसायला जास्त वेळ लागतो, पण बिस्किटाचा आकार सुरेख टिकतो. श्रावणात हवा दमट असते, भाजलेली बिस्किटं डब्यातही मऊ पडतात. ती मंद आचेवर पाच मिनिटं पुन्हा गरम करून, पूर्ण गार करून भरली की पूर्ववत कुरकुरीत होतात.

साखरेऐवजी गूळ घालताना लक्षात ठेवायचं की गूळ ओलावा धरून ठेवतो आणि लवकर लाल होतो. त्यामुळे गुळाची कुकी आतून मऊसर राहते आणि आच थोडी कमी ठेवावी लागते. आणखी एक स्पष्ट सांगते, कारण याबाबत फार गैरसमज आहे. गूळ घातला म्हणून बिस्किट मधुमेहींना मोकळं होत नाही. गूळही साखरच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना एक बिस्किट द्या, पण ‘हे चालतं’ म्हणून वाटीभर देऊ नका.

५. भट्टी नसली तरी बिस्किट होतं

ओव्हन घरात आला नव्हता तेव्हाही आमच्याकडे घरची बिस्किटं होत होती. दिवाळी, ईद किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की बायका पीठ, तूप आणि साखर डब्यांत भरून गावातल्या बेकरीत जायच्या. मराठवाड्यात आणि इकडे ही पद्धत सारखीच होती. दुपारी भट्टीपाशी ओळ लागायची. बेकरीवाला सामान बघून माप सांगायचा, कारागीर मोठ्या परातीत तळहाताने तूप-साखर फेसायचा, मग पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळ्यांच्या ओळी मांडल्या जायच्या. प्रत्येक घराच्या ट्रेवर वेगळी खूण असायची. कुणाच्या गोळ्यावर काट्याचा ठसा, कुणाच्यावर चारोळी, कुणाच्यावर नुसता अंगठा. लांब दांड्याच्या फळीने ट्रे आत सरकायचे आणि बाहेर आले की वासानेच मुलं उठून उभी राहायची. बिस्किटं पूर्ण गार होईपर्यंत कारागीर डब्यात भरू द्यायचा नाही, आणि त्याचं बरोबर होतं. गरम बिस्किट डब्यात गेलं की वाफ धरतं आणि सादळतं. ही सोय काही गावांत आजही आहे. मोठा घाणा करायचा असेल तर तिचा जरूर उपयोग करा. आपल्या सामानाचं, आपल्या डोळ्यांसमोर होतं.

थोडी बिस्किटं करायची तर जाड बुडाचं जुनं पातेलं घ्यावं. तळाला बोटभर मीठ किंवा चाळलेली वाळू पसरावी, वर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवावं. मग तूप लावलेल्या ताटलीत, अंतर सोडून गोळे मांडावेत आणि आच मंद करावी. रोजच्या वापरातला कुकर यासाठी घेऊ नये, कोरड्या आचेने त्याचं रबर आणि झडप खराब होते. ओव्हन असेल तर १६० ते १७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं पुरतात. कडा सोनेरी झाल्या आणि मध्य दाबल्यावर अजून मऊ लागला, की बाहेर काढायची वेळ झाली. गार होता होता बिस्किट स्वतःच कडक होतं. आतच कडक होऊ दिलं तर बाहेर आल्यावर दगड होतो.

६. अंड्याला पर्याय आपल्या शेतात आहे

आमच्या भागात अंडं न खाणारी घरं पुष्कळ. केक-कुकीच्या कृतीत अंडं दिसलं की पान उलटलं जातं. तसं करायची गरज नाही. आपलं जवस हे काम उत्तम करतं. एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड आणि तसेच तीन मोठे चमचे पाणी कालवून दहा मिनिटं ठेवलं की बुळबुळीत, घट्ट मिश्रण तयार होतं. ते एका अंड्याच्या जागी पीठ बांधून ठेवतं. चटणीसाठी जवस आपण भाजतो. इथे मात्र न भाजलेलं किंवा अगदी हलकं भाजलेलं घ्यावं, म्हणजे चिकटपणा चांगला सुटतो. अंडं पिठाला जसं फुलवतं तसं जवस फुलवत नाही, त्यामुळे हलक्या केकपेक्षा कुकीला हा पर्याय जास्त मानवतो.

७. रात्रीच्या ताटात एकच गोष्ट नवी

शेतावरून, दुकानातून, शाळेतून दमून आलेल्या माणसांना पोटभर आणि ओळखीचं जेवण हवं असतं. म्हणून नवा पदार्थ करायचा त्या रात्री बाकी ताट ओळखीचं ठेवावं. नवी भाजी असेल तर भाकरी आणि वरण नेहमीचं. नवा भात असेल तर सोबत कढी नेहमीची. नवं आवडलं तर लोक ते मागून घेतात. नाही आवडलं तरी कुणी उपाशी उठत नाही आणि रांधणारीचं मन दुखत नाही.

दुसरं, तिखटमीठ आपलं ठेवावं. उत्तरेकडच्या क्रीम घातलेल्या भाज्या आमच्याकडे दोन घासांत जड होतात. त्यातलं क्रीम कमी करून शेंगादाण्याचा कूट आणि चमचाभर काळं तिखट घातलं की तीच भाजी भाकरीबरोबर चवीने खाल्ली जाते. पनीरऐवजी वांगं, मशरूमऐवजी ओला हरभरा घालूनही चांगल्या भाज्या होतात.

घाईच्या रात्रीसाठी सुशीला आहेच. भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, हिरवी मिरची, डाळं-खोबऱ्याची भरड, हळद आणि लिंबू. कलबुर्गीकडे त्याला सुसला म्हणतात आणि सोबत मिरचीची भजी देतात. मुलांसाठी त्यात किसलेलं गाजर, मक्याचे दाणे, भाजलेले शेंगादाणे घातले की पोटभरीचं जेवण होतं.

८. तुरीला तिच्या पद्धतीने शिजू द्या

आपली तूर उत्तम आहे, म्हणून तिच्यावर नवे प्रयोग करावेतच. डाळीचं घट्ट सूप, डाळ-पालकाचा रस्सा, डाळीत सोडलेली ज्वारीची फळं, यांतलं काहीही करा, पण शिजण्याचे नियम पाळा. बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार डाळीला मऊ होऊ देत नाहीत. गाळून साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं तर फरक लगेच दिसतो. टोमॅटो, चिंच, कैरी यांसारखं आंबट डाळ शिजायच्या आधी घालू नये. आंबटामुळेही दाणा कडक राहतो. बाहेरच्या बऱ्याच कृतींमध्ये सगळं एकदम कुकरला लावायला सांगितलेलं असतं, तिथे हा क्रम आपण बदलावा. जुनी डाळ जास्त वेळ घेते, ती अर्धा तास आधी भिजवावी. हळद आणि दोन थेंब तेल घातलं की फेस उतू येत नाही.

९. शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते विचारा

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा निजामी राजवटीतला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आणि जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. कागदावर हद्दी पडल्या, नाती मात्र तिन्हीकडे राहिली, आणि नात्यांबरोबर चवीही. म्हणूनच आमच्या घरांत येसराची आमटी, भरल्या वांग्याची एण्णेगाई आणि तिळाचा खट्टा हे तिन्ही एकाच आठवड्यात शिजू शकतात.

नवा पदार्थ शिकायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग शेजारीण हाच आहे. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड बोलतात. अंबाडीच्या भाजीत तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून त्या जी पुंडी पल्ले करतात, ती मी त्यांच्या चुलीपाशी उभी राहून शिकले. मराठी घरांत अंबाडीला कण्या आपणही घालतो, पण अक्का कण्या आधी शिजवून भाजीत घोटतात. त्यामुळे आंबटपणा मवाळ होतो आणि भाजी भाकरीवर नीट बसते. मुसलमान मैत्रिणीकडून डालचा घ्यावा: तूर आणि हरभऱ्याची डाळ, दुधी भोपळा, चिंच, वरून पुदिना. बिस्किटाच्या बाबतीतही हैदराबाद जवळ आहे. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचं उस्मानिया बिस्किट गोड आणि खारट एकदम लागतं. त्यावरून घेण्यासारखा धडा म्हणजे गोड बिस्किटात मीठ पुरेसं असावं. मिठाने तुपाचा आणि ज्वारीचा खमंगपणा पुढे येतो.

शेजारणीकडून शिकलेल्या कृतीत जे कळतं ते लिहिलेल्या कृतीत येत नाही. फोडणीचा आवाज, पिठाचा हाताला लागणारा ओलावा, आच कधी मोठी करायची, हे सगळं उभं राहून बघितल्यावर कळतं. आणि बदल्यात आपणही तिला काही शिकवावं. वाटी रिकामी परत करू नये ही आपली रीत आहेच.

१०. सणाचा पदार्थ आडवारी करा आणि वहीत लिहा

नवं म्हणजे परगावचंच असं नाही. आपल्याकडचे किती तरी पदार्थ वर्षातून एकदाच होतात. मार्गशीर्षातल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी या सगळ्या पट्ट्यात माणसं शेतात जेवायला जातात. त्या दिवशीची भज्जी म्हणजे ओली तूर, ओला हरभरा, वाल, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगं, सगळं एकत्र शिजवून चिंच आणि बेसन लावलेली भाजी. सोबत बाजरीचे उंडे आणि ताकातली अंबील. थंडीत या सगळ्या भाज्या स्वस्त आणि ताज्या असतात. मग ही भज्जी एखाद्या साध्या मंगळवारी रात्री का करू नये? एका भांड्यात होते, सगळ्या भाज्या पोटात जातात आणि मुलं तक्रार न करता खातात.

ज्वारीच्या कण्यांचंही तसंच. ज्वारी भरडून, पीठ चाळून, उरलेल्या कण्या चार तास भिजवाव्यात. लसूण-कांद्याच्या फोडणीत गाजर, ओले वाटाणे परतून कण्या घालाव्यात, एका वाटीला चार वाट्या पाणी, मीठ, आणि मंद आचेवर पाच-सहा शिट्ट्या. कुकर आपसूक उतरू द्यावा. वरून तूप आणि मिरपूड, मुलांना हवं तर थोडं चीज. वाडवडिलांचं अन्न आहे आणि नव्या पिढीला नवंकोरं वाटतं. कडक भाकरीचे तुकडे करून त्यावर कांदा, टोमॅटो, दही आणि शेंगादाण्याची चटणी घातली तर संध्याकाळचा खाऊ होतो. आज कलबुर्गीत बचत गटांच्या बायका कडक भाकरी करून विकतात. तेव्हा हे कमीपणाचं अन्न नाही, बाजारात मानाने विकलं जाणारं अन्न आहे.

आणि हे सगळं वहीत उतरवा. ‘ज्वारीची बिस्किटं छान झाली’ एवढं लिहून भागत नाही. पीठ कधी दळलेलं, महिना कोणता, तूप घट्ट की पातळ, आच किती, वेळ किती, कुणाला आवडलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, असं लिहावं. माझ्या आजीच्या हातचे किती तरी पदार्थ आता कुणालाच येत नाहीत, कारण ते कुणी मापासकट लिहून घेतले नाहीत. वही मराठीत लिहा, कन्नड येत असेल तर पदार्थाचं कन्नड नावही शेजारी लिहा. आपल्या मुली-सुना दोन्ही भाषांत वावरणार आहेत.

शेवटी वाचकांना, आणि विशेषतः वाचक पुरुषांना, एक विनंती. नवा पदार्थ म्हणजे रांधणारीवरचं वाढीव काम होता कामा नये. पीठ चाळणं, तूप फेसणं, गोळे वळणं, भांडी घासणं यांत घरातल्या प्रत्येकाने हात लावावा. मुलगा आणि मुलगी दोघांनाही पीठ मळायला बसवा. येत्या रविवारी पाव किलो ज्वारीचं पीठ भाजून घ्या, वर दिलेल्या मापाने नानकटाई करा आणि पहिली ताटली शेजारच्या घरी पाठवा.